काळीवरचा बुरूज

जिभाऊंनी आम्हाला ठेवून घेतलं, हे आधी लिहिते. पुढे जे झालं ते झालं, पण आधी हे. नाहीतर लिहिता लिहिता मी गढीच्या दगडांतच गुंतून पडेन आणि ज्यांचं नाव पहिलं घ्यायचं तेच राहून जाईल. नाव तरी काय, अख्खा गाव त्यांना जिभाऊ म्हणे, म्हणजे थोरला भाऊ. त्यांची बायको, जिजी, तीही चारचौघांत त्यांना "तुमना जिभाऊ" म्हणूनच नावं ठेवी. मीही तेच म्हणत आले.

मी मालवणाकडची. मराठी तिसरीत असताना आई गेली आणि शाळा सुटली. पुढे लग्न झालं, हे गवंडी. रस्त्यावरच्या मोऱ्या बांधायला एका ठेकेदारानं कोकणातून माणसं नेली, त्यांत आम्ही दोघं खानदेशात आलो. शहाद्याच्या पुढे, गोमाईकाठच्या त्या गावाशी पोचलो आणि यांना हिवताप धरला. काम पुढे सरकलं, तांडा पुढे गेला, आम्ही दोघं निंबाखाली राहिलो. लोकांची बोली कळेना. मी यांच्या अंगावर लुगडं घालून बसलेली, आणि जो जाईल त्याच्या तोंडाकडे बघत होते.

एक उंच, वाळका माणूस अनवाणी आला. त्यानं यांच्या कपाळाला हात लावायच्या आधी यांची थापी उचलून पाहिली.

"गवंडी शे का?"

मी मान हलवली.

"घर कोठे शे?"

"मालवणाकडे."

"कशावर शे?"

मला काही समजेना. तो चिडला. "अवं, घरना पाया कशावर शे?"

"कातळावर," मी म्हटलं. "कातळावरच बांधतात आमच्याकडे."

"कातळवर!" तो म्हणाला, आणि आमच्याकडे असा बघत राहिला की जणू आम्ही कुठल्या संस्थानातून आलोय. घटकाभरात बैलगाडी आली आणि आम्ही त्या माणसाच्या, म्हणजे जिभाऊंच्या, गढीत पोचलो.

मी तोवर एवढा दगड एका जागी पाहिला नव्हता. आमच्याकडचा जांभा तांबडा, मऊ, भोकाभोकांचा. इथला दगड काळा, आणि घडून असा बसवलेला की सांध्यात नख शिरू नये. पुढचा दरवाजा सागाचा, त्यावर लोखंडी खिळे, आणि त्याच्या पोटात माणसापुरती दिंडी, तिच्यातून वाकूनच शिरायचं. आत दोन्ही बाजूंना देवडी, पुढे चौक, चौकाभोवती सागवानी खांबांची ओसरी, मागे दुसरा चौक. भिंती एवढ्या रुंद की माडीवर जायचा जिना भिंतीच्या आतूनच गेलेला. पहिल्यांदा त्या जिन्यात शिरले तेव्हा मला वाटलं घरानं गिळलं. खिडकीच्या कोनाड्यात माणूस पाय लांब करून निजेल एवढी जागा. वर मातीचं सपाट धाबं. कौलाखाली वाढलेल्या बाईला ते छप्परच वाटेना. आणि चार कोपऱ्यांना चार बुरूज.

एवढं भक्कम घर, पण त्याचा धनी एका जागी बसत नसे. मी त्यांना जेवायला मांडी घातलेलं फारसं पाहिलं नाही. भाकरी हातात, भाकरीवर मिरचीचा ठेचा, आणि जिभाऊ भिंतीकडेनं चालतायत. सकाळी उठले की एकेका भिंतीवर तळवा ठेवीत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. जोडे घरात कधी घातले नाहीत. म्हणत, पायाला कळतं ते जोड्याला कळत नाही. प्रत्येक खिडकीत पाण्यानं भरलेली पितळी वाटी. वाटीतलं पाणी एका काठाला जास्त चढलं की ते "हं" करीत आणि पुढच्या खिडकीकडे जात. जिजी म्हणे, "चिमण्यास्नी पानपोई शे ती. पुन्य लागी तुमना जिभाऊले."

पाहुणा आला की "जेवनात का" हे नंतर. आधी "तुमना घरना पाया कशावर शे?" लग्नाची बोलणी करायला आलेल्या एका मोठ्या खटल्याच्या पाटलांना त्यांनी हेच विचारलं. पाटलांना वाटलं हा आपल्या कुळाचा उतारा काढतोय, तसे ते पानसुपारी न घेता उठून गेले. जिजी महिनाभर त्यांच्याशी सुतासारखी सरळ बोलली नाही.

"घर उभं नही ऱ्हास," ते यांना सांगत. "उभं धरनं पडस. समजनं का गवंडी?"

हे हिवतापातून उठले, हातात जोर आला, तेव्हा जिभाऊंनी यांना पश्चिमेच्या कोपऱ्यावर नेलं आणि दुखणं दाखवलं. तिथं गाव पांढरीवर वसतं आणि शेती काळीत होते. गढीही पांढरीवरच, जुन्या घट्ट टेकाडावर होती. पण जिभाऊंच्या आजोबांना टेकाड पुरेना. तीनच बुरूज बसत होते. तीन बुरजांची गढी बघून नदीपलीकडचे हसतील, म्हणून आजोबांनी चौथा बुरूज टेकाडाखाली उतरवून सरळ काळ्या मातीत उभा केला आणि तिथपर्यंत भिंत ओढली.

काळी माती मी तिथंच ओळखली. पावसात ती फुगते, चिकटते, बैलाचा खूर सोडत नाही. उन्हाळ्यात आवळते आणि भेगाळते, भेगेत हात कोपरापर्यंत जातो. तिच्यावर बुरूज! तो पावसात वर उचलला जायचा आणि वैशाखात खाली बसायचा.

"काळीले भिंत कशी कळी?" जिभाऊ म्हणत. "तिले कपाशी कळस."

म्हणून ते बुरजाला पाणी पाजत. हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मानलं नसतं. भिल्ल मंडळी होळीला वर सातपुड्यातल्या काठी गावी जात, ती उतरून आली की गढीतल्या विहिरीवर मोट सुरू होई. बैल धावेवरून खाली जात, चामड्याची मोट वर येई, आणि ते पाणी पिकाला न जाता पाटानं बुरजाच्या पायाशी जाई. उसाला देतात तसं, चर काढून, बेतानं. माती वाळू द्यायची नाही, म्हणजे ती आवळणार नाही, म्हणजे बुरूज खाली बसणार नाही. कळसाडीकडनं बाजाराला जाणारे गाडीवान मुद्दाम गाडी थांबवून विचारीत, "जिभाऊ, औंदा बुरूज कितला पिकना?"

"तुन्ही अक्कल पिकी तवढा," जिभाऊ म्हणत आणि चर ओढत राहत.

माझ्याकडे काम आलं टिकल्यांचं. जिथं भेग असेल तिथं तिच्यावर आडवी चुन्याची टिकली लावायची. टिकली साबूत राहिली तर भिंत स्वस्थ, तडकली तर भिंत सरकली. माझा हात हलका म्हणून जिभाऊंनी मलाच नेमलं. रोज चुन्याचं मडकं घेऊन मी फिरे. आधीच मी घाबरट. टिकली तडकलेली दिसली की मनात येई, घर गेलं तर आमचं काय, परत निंबाखाली?

आणि जिभाऊंची खाट. ती कधी एका जागी नसे. चार दिवस माडीवर, मग मागच्या ओसरीत, मग कोठारापाशी. गाव म्हणे, जिभाऊ भेगांना भितो, पळत्या खाटेवर निजतो. मलाही तसंच वाटे. मग टिकल्या बघता बघता एक दिवस माझं मलाच चमकलं. ज्या खोलीत सगळ्यात जास्त टिकल्या तडकलेल्या, खाट नेमकी तिथं! पुन्हा फिरून पाहिलं, तसंच होतं. हा माणूस भेगेपासून पळत नव्हता, भेगेच्या उशाशी जाऊन निजत होता. मी जिजीला सांगितलं. ती पीठ चाळत होती.

"तुले आज समजनं?" ती म्हणाली. "माले लगननंतर आठव्या दिवशी समजनं. तधळपासून मन्ही खाट येगळी."

आम्हाला त्यांनी देवडीतली खोली दिली होती. अख्ख्या गढीत त्या एका खोलीत टिकली लावायला मला भेग सापडली नाही.

मग तो उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस अर्ध्यावर सोडून गेला होता. गोमाई फाल्गुनातच आटली. गावातल्या विहिरींचा तळ दिसला. पाणी राहिलं ते फक्त गढीच्या विहिरीत, तेही मोटेला चिखल लागे एवढंच. एका सकाळी दिंडीशी बायका हंडे घेऊन उभ्या राहिल्या.

जिभाऊ बुरजाकडे गेले, पायाशी बसले, माती हातात घेऊन चुरली. मग उठून त्यांनी मोठा दरवाजा उघडायला लावला. दिंडी नाही, मोठा दरवाजा. "पानी भरा," म्हणाले, आणि मोट सोडवली. बुरजाचं पाणी त्या दिवशी बंद झालं.

आठवडाभरात काळी उघडली. बुरजाच्या पायाशी पहिली भेग पडली, मग तिला फाटे फुटले. माझ्या टिकल्या सकाळी लावल्या की दुपारी तडकलेल्या. हे बुरजाभोवती फिरून आले आणि मला हळूच म्हणाले, "गो, ह्यो काय ऱ्हवणारो नाय."

बुरूज झुकत होता तो गल्लीकडे. आणि गल्लीत, बुरजाच्या अगदी अंगाला, मोट हाकणाऱ्या वेस्ताची झोपडी होती, शेजारी त्याच्या भावकीच्या आणखी दोन. सावली बुरजाची म्हणून बापजाद्यांनी तिथं घातलेल्या. पोरं तिथंच निजत.

जिभाऊ खाली उतरले. "वेस्ता, घर मोड. बठ्ठा गढीत या. मागला चौक तुमना."

वेस्ता चिलीम भरत होता. "जिभाऊ, तू दरसाल सांगस बुरूज पडी. मन्ही सासू आयकता आयकता म्हतारी व्हई गई."

"औंदा पडी."

"पडू दे. आम्ही आत येवाव नही."

"कसाले?"

वेस्तानं चिलीम खाली ठेवली. "आत ऱ्हायनूत ते दिवस नही, रात नही, हाक आयकनी पडी. वेस्ता पानी आन, वेस्ता बैल सोड. आठे निदान मन्हं दार शे. लावं की लागी जास."

मी वर खिडकीत होते, ऐकत होते. जिभाऊ परत आले, मागच्या ओसरीतली आपली खाट डोक्यावर घेतली आणि बुरजाच्या खालच्या खोलीत नेऊन टाकली. खिडकीतून खाली ओरडले, "वेस्ता! जवलोक तू तठे, तवलोक मी आठे!"

"ऱ्हाय!" खालून वेस्ता म्हणाला. त्यालाही वाटलं, हा एक दिवसाचा खेळ आहे.

एक दिवसाचा नव्हता. जिभाऊ बुरजात बसले ते बसलेच. कधी एका जागी न बसणारा माणूस तिथं मात्र ठाण मांडून बसला. भाकरी घेऊन मी जाई. भिंतीतल्या वाटेनं जाताना दगडावर दगड घासल्याचा आवाज येई, जात्यात एखादा दाणा अडकावा तसा. ही भाकरी पोचवून परत येताना भिंत मिटली तर? न पोचवता परत आले तर हा माणूस उपाशी. आणि हा माणूस गेला तर या मुलखात आमचं कोण?

"जिभाऊ, चला ना बाहेर," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"भाकर ठेव नि जाय. आठे उभी ऱ्हाऊ नको. तू दोन जीवनी शे."

मी चपापले. यांना सोडून मी कुणालाच सांगितलं नव्हतं. भिंतीवर हात ठेवून ओळखणारा माणूस, त्याला काय सांगायला लागतं.

हे गेले, गावचे चार शहाणे गेले, सगळ्यांना एकच उत्तर. "मन्ही भिंत त्यास्वर पडी. मंग पहिले मन्हावर पडू दे."

दोन दिवस जिजीनं चूल पेटवली, विझवली, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "चाल मन्हासंगे." गढीची मालकीण, लग्न होऊन आल्यापासून त्या गल्लीत पाऊल टाकलेलं नव्हतं तिनं. ती उन्हातून चालत गेली आणि वेस्ताच्या दारात उभी राहिली. वेस्ताची बायको कोंबड्यांना हाकत बाहेर आली.

"बाई, घर सोड," जिजी म्हणाली. "तुन्ह्या कोंबड्या आन."

"कोंबड्या तुम्हना चौकमा?"

"आन. बकऱ्या आन. ते मोहानी दारूनं मडकं शे ना, ते बी आन."

"मडकं कोठे ठेवू?"

"मन्हा डोक्यावर ठेव! पन चाल!"

वेस्ताच्या बायकोला हसू फुटलं, पण वेस्ता आतून बाहेर आला तो हसला नाही. "आन हाक?"

जिजीच्या घरात हाक न मारता एक दिवस गेला नसेल. "मागला चौकले बाहेरना दरवाजा शे," ती म्हणाली. "त्यानी कडी आतून तू लाव. दिवस बुडना की तुले कोनी हाक नही मारी. मी बी नही. मन्ही जबान." आणि मग तिचा आवाज एकदम फाटला. "वेस्ता, तो म्हतारा तठे मरी जाई रे."

वेस्तानं वर बुरजाकडे पाहिलं. खिडकीत जिभाऊंचं टक्कल दिसत होतं.

त्याच दुपारी सामान निघालं. सामान म्हणजे काय, मडकी, गोधड्या, धनुष्य, कणगी, पोरं आणि कोंबड्या. शेवटची म्हातारी मागच्या चौकात आली आणि वेस्तानं आतून कडी लावली, तो आवाज ऐकून जिभाऊ खाट डोक्यावर घेऊन बुरजातून बाहेर आले. जिजीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हात धोवा," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून जिभाऊंनी बुरूज उतरवायला घेतला. पडू द्यायचा नाही, उतरवायचा. यांनी सागाच्या बल्ल्यांचा टेका दिला, वरून एकेक थर सोडवायचा आणि दोरानं खाली घ्यायचा. वेस्ता आणि त्याचे भाऊ दोरावर, दिवस बुडाला की दोर सोडून निघून जात. कुणी हाक मारीत नसे. दोनदा जिजीच्या तोंडून "वे" निघालं आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

वरचे चार थर उतरले तेव्हा बुरजाचं पोट दिसलं. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, आणि मधे चुन्यात बसवलेली खडी असायला हवी तिथं नुसती काळी माती. ठासून भरलेली. आजोबांनी पोटातही काळीच घातली होती. पायाशी पाणी पाजलं की ती आतल्या आतही पीत होती, फुगत होती.

हे कपाळाला हात लावून उभे. जिभाऊंनी मूठभर माती काढली, हुंगली. "इतली वरसं मी याले बाहेरतून दवाई दी ऱ्हायंतू," म्हणाले. मला वाटलं आता जिभाऊ खाली बसतील. पण ते वळले आणि वरच्या दगडाला दोर लावायला लागले.

अर्ध्यावर आले असतील. भर दुपारी सगळे भाकरीला खाली उतरलेले. एक आवाज झाला, धान्याचं पोतं कुणी जमिनीवर आपटावं तसा, मोठा नाहीच. बाहेरची बाजू पोटातून फुटली आणि गल्लीत बसली. धुरळा खाली आला तेव्हा तिन्ही झोपड्या दिसत नव्हत्या. चुली होत्या तिथं काळे दगड होते.

मी ओसरीत सगळ्यांना पुन्हा पुन्हा मोजत होते. पोरं, म्हातारी, जिभाऊ, हे, परत पोरं.

वेस्ता ढिगाऱ्याजवळ गेला. मग म्हणाला, "जिभाऊ, तुन्हं खरं व्हयनं."

"खोटं व्हतं तवलोक बरं व्हतं," जिभाऊ म्हणाले आणि मटकन खाली बसले. मी आल्यापासून त्यांना जमिनीवर असं बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. जिजी आली, शेजारी बसली. दोघांच्या मधे वेस्ताची एक कोंबडी येऊन उभी राहिली, तिला कुणी हाकललं नाही.

मृगाच्या आधी त्याच दगडांतून टेकाडाच्या कुशीला, पांढरीवर, वेस्ताचं घर उभं राहिलं, यांनी बांधलं. दार वेस्तानं स्वतः बसवलं. माझा मुलगा देवडीतल्या खोलीत झाला, जिजीनं नाळ कापली. पुढच्या वर्षी ठेकेदाराचा माणूस शोधत आला आणि आम्ही निघालो. निघताना जिभाऊंनी बाळाच्या तळपायाला बोट लावलं आणि यांना म्हणाले, "याले मोठा कर. पन पहिले पाया देख."

आता आम्ही वऱ्हाडात आहोत, एका मोठ्या बांधाच्या कामावर. गाव अजून लांबच आहे, दोन्ही गावं. गेल्या महिन्यात मजुरांच्या टोळीत वेस्ताचा जावई भेटला. त्यानं सांगितलं, गढीचा तो कोपरा अजून उघडाच आहे. तीन बुरूज आणि एक भगदाड. जिभाऊ थकलेत, पण रोज तिथं जाऊन उभे राहतात, भिंत नाही तरी हात पुढे करतात आणि मागे घेतात. नवा बुरूज बांधायला गवंडी सांगून आले, पण सगळे वरच्यावर पाया घालायला बघतात. जिभाऊ त्यांना परत पाठवतात.

ते ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. यांना मी तिकडे जायचं म्हटलं, तर हे म्हणाले, "जाऊया गो." इथला ठेका संपू दे, मुलगा चालता-बोलता झाला आहेच. जिभाऊ, आम्ही येणार. हे काळी खणतील, तुम्ही काठावर उभे राहा आणि थांबा म्हणेपर्यंत खणतील, मुरूम लागेपर्यंत, कातळ लागला तर कातळापर्यंत. पोटात माती नाही, खडी घालू. बुरूज उंच नसला तरी चालेल. चुना मी मळेन, आणि एका दगडाचीही मजुरी आम्ही घेणार नाही.